सिक्युरिटी टेस्टिंगच्या सरावासाठी व्हर्च्युअल मशीन लावताय? या चुका टाळा

पहिल्यांदा लॅब, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरमध्ये चालणाऱ्या आभासी मशीनचा सराव-संच, उभी करणारे बहुतेक जण एकच तक्रार घेऊन येतात, ‘एक्सप्लॉइट चालत नाही.’ त्यांच्या स्क्रीनवर डोकावलं की बहुधा कळतं, एक्सप्लॉइटला, म्हणजे त्रुटीतून आत शिरणाऱ्या कोडला, काहीच झालेलं नाही. दोन मशीन एकमेकांपर्यंत पोचतच नाहीयेत. काली (हल्ल्याची टूल भरलेली लिनक्स सिस्टीम) सुरू झाली, मेटास्प्लॉइटेबल (मुद्दाम त्रुटी ठेवलेलं सरावाचं टार्गेट) सुरू झालं, दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या आहेत, म्हणजे ती जोडलेलीच असणार असं आपण धरून चालतो. तशी ती असतीलच असं नाही. कधी कधी तर ती भलत्याच कुणाशी जोडलेली असतात. म्हणून इथे सगळ्यात जास्त नेटवर्कबद्दलच लिहितो आहे. बाकीच्या चुकांनी वेळ वाया जातो. नेटवर्क चुकलं तर वेळ जातोच, शिवाय दुसऱ्याच्या मशीनलाही धक्का लागू शकतो.

दोन मशीन, पत्ता एकच

व्हर्च्युअलबॉक्स या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नवं मशीन तयार केलं की त्याचं नेटवर्क आपोआप ‘नॅट’वर असतं. या पद्धतीत प्रत्येक मशीनला आपला आपला बंदिस्त राउटर मिळतो. त्यामुळे कालीचा पत्ता १०.०.२.१५ आणि टार्गेटचाही १०.०.२.१५. शिकणारा टार्गेटच्या स्क्रीनवरून हा पत्ता उतरवून घेतो, कालीत एनमॅप या स्कॅन करणाऱ्या टूलला देतो आणि सगळे पोर्ट, म्हणजे जोडणीची दारं, बंद दिसतात. त्याने स्वतःचंच मशीन स्कॅन केलेलं असतं. मग कुणी अख्खी रेंज स्कॅन करतं. १०.०.२.२ वर एखाददुसरा पोर्ट उघडा सापडतो आणि टार्गेट मिळाल्याचा आनंद होतो. पण तो पत्ता होस्टचा, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं चाललंय त्याचाच असतो.

व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममुळे गोंधळ आणखी वाढतो. तिथे नॅटवरची सगळी मशीन एकाच आभासी स्विचला जोडलेली असतात, त्यामुळे ती एकमेकांना दिसतात. व्हीएमवेअरवरचं ट्युटोरियल बघत व्हर्च्युअलबॉक्समध्ये तसंच्या तसं केलं की नाव तेच, वागणं वेगळं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘नॅट नेटवर्क’ नावाचा निराळा पर्याय आहे, त्यात मशीन एकमेकांना दिसतात. पण त्यात टार्गेटलाही इंटरनेट मिळतं, म्हणून सरावासाठी मी तो वापरत नाही.

मी लावतो ती मांडणी साधी आहे. टार्गेटला एकच अडॅप्टर (आभासी नेटवर्क कार्ड), होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त होस्ट आणि त्यावरची मशीन असलेलं नेटवर्क. कालीला दोन: पहिला नॅट, म्हणजे अपडेट घेता येतात; दुसरा होस्ट-ओन्ली, म्हणजे टार्गेटपर्यंत पोचता येतं. होस्ट-ओन्लीचे पत्ते सहसा १९२.१६८.५६ ने सुरू होतात. त्यात १ नंबर होस्टचा, १०० नंबर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचा आणि मशीनचे पत्ते १०१ पासून पुढे. स्कॅनमध्ये १०० दिसला की त्यालाच टार्गेट समजून झटापट करणारे बरेच असतात, तेवढं लक्षात ठेवा. कालीच्या दुसऱ्या अडॅप्टरला पत्ताच मिळाला नाही, तर नेटवर्क मॅनेजरमध्ये त्याच्यासाठी वेगळं वायर्ड कनेक्शन तयार करा.

मांडणी झाली की दोन पिंग मारून, म्हणजे समोरचं मशीन उत्तर देतं का ते विचारून, बघा. कालीतून टार्गेटला पिंग लागला पाहिजे. टार्गेटवरून इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला लागता कामा नये. पहिला पिंग सगळे बघतात. दुसरा बहुतेक जण बघतच नाहीत, आणि खरं तर तोच जास्त महत्त्वाचा आहे.

होस्ट-ओन्लीमध्येही टार्गेट तुमच्या होस्टपर्यंत पोचू शकतं. इमेज (मशीनची तयार फाइल) कुणी बनवली याचा भरवसा नसेल, तर ‘इंटर्नल नेटवर्क’ घ्या, त्यात होस्टसुद्धा नसतो. मात्र तिथे आपोआप पत्ते वाटणारं कुणी नसतं, ते हाताने द्यावे लागतात. दोन्ही मशीनमध्ये नेटवर्कचं नावही अगदी सारखं लिहावं लागतं. एका अक्षराचा फरक पडला तरी ती दोन वेगळी नेटवर्क होतात आणि चूक दाखवणारा एकही संदेश येत नाही.

ब्रिज्डचा मोह

काही केल्या मशीन जोडली जात नाहीत, मग कुणीतरी सांगतं, ‘ब्रिज्ड कर, लगेच चालेल.’ आणि खरंच चालतं. पण ब्रिज्ड म्हणजे तुमचं टार्गेट आता घरच्या, कॉलेजच्या नाहीतर ऑफिसच्या खऱ्या नेटवर्कवर एक स्वतंत्र कॉम्प्युटर म्हणून उभं आहे. मेटास्प्लॉइटेबल २ चं युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही एमएसएफॲडमिन, आणि ते साऱ्या जगाला माहीत. पोर्ट १५२४ ला नुसतं जोडलं की पासवर्ड न विचारता रूटचं शेल, म्हणजे सर्वाधिकार असलेली कमांडची खिडकी, हातात येतं. हे मशीन सुरू झाल्यावर लॉगिनच्या वरच ठळक इशारा दिसतो की अविश्वासू नेटवर्कवर हे कधीही उघडं टाकू नका. तो इशारा वाचून, समजून मग पुढे जा.

धोका उलट्या दिशेनेही आहे. ब्रिज्डवर असताना अख्खी रेंज स्कॅन केली, तर त्या रेंजमध्ये इतरांचे प्रिंटर, फोन, कॅमेरे, सर्व्हर सगळंच येतं. ज्यांनी परवानगी दिलेली नाही त्यांच्या मशीनवर तुम्ही टेस्टिंग केलेलं असतं, आणि ‘सराव करत होतो’ हे त्याचं उत्तर होत नाही.

एक्सप्लॉइट पूर्ण, पण सेशन नाही

‘एक्सप्लॉइट कम्प्लीटेड, बट नो सेशन वॉज क्रिएटेड.’ एक्सप्लॉइट चालवणाऱ्या मेटास्प्लॉइट या टूलमधला हा संदेश (सेशन म्हणजे टार्गेटशी जुळलेली जोडणी) ज्याने बघितला नाही असा शिकणारा मला अजून भेटलेला नाही. मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ या ओळीसमोर बसून काढली आहे. टार्गेटला पिंग लागत होता, सांबाचा (फाइल शेअरिंगच्या सेवेचा) पोर्ट उघडा होता, मॉड्यूलही बरोबर होतं. पेलोड (आत शिरल्यावर चालणारे कोड) बदलून पाहिले, टार्गेट नव्याने बसवलं. शेवटी मॉड्यूलचे पर्याय एकेक करत मोठ्याने वाचले, तेव्हा एलहोस्टच्या पुढे १०.०.२.१५ लिहिलेलं दिसलं.

रिव्हर्स शेलमध्ये टार्गेट उलट तुमच्याकडे फोन लावतं. एलहोस्ट म्हणजे तो नंबर. कालीला दोन अडॅप्टर असले की मेटास्प्लॉइट बहुधा पहिल्याचा, म्हणजे नॅटचा पत्ता उचलतं. टार्गेट बिचारं होस्ट-ओन्लीवर, त्याला १०.०.२.१५ कडे जायचा रस्ताच नाही. एक्सप्लॉइट खरंच चाललेलं असतं. परतीचा पत्ता चुकीचा असतो. एलहोस्टमध्ये १९२.१६८.५६ वाला पत्ता घातला की काही सेकंदांत सेशन उघडतं. तरीही उघडलं नाही, तर कालीत तुम्ही फायरवॉल लावली आहे का आणि ऐकण्याचा पोर्ट दुसऱ्या कशाने अडवून ठेवला आहे का, हे बघा.

मशीन सुरू झालं, पण त्याला पत्ताच नाही

सरावासाठी इतरांनी बनवलेल्या इमेज उतरवल्या की हा अनुभव हमखास येतो. लॉगिनचा पडदा दिसतो, पण कितीही स्कॅन केलं तरी मशीन सापडत नाही. आत शिरून बघायला पासवर्डही नाही, कारण तो शोधणं हाच तर खेळ.

कारण बऱ्याचदा असं असतं की इमेज व्हीएमवेअरवर बनवलेली असते. तिथे उबंटू लिनक्स नेटवर्क कार्डाला ‘ईएनएस३३’ म्हणतो, व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याच कार्डाला ‘ईएनपी०एस३’. आतल्या सेटिंगमध्ये जुनं नाव पक्कं लिहिलेलं असतं, त्या नावाचं कार्ड सापडत नाही आणि पत्ता मागितलाच जात नाही. सोपा उपाय म्हणजे ती इमेज व्हीएमवेअरवरच चालवायची. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून मोफत आहे, त्यामुळे पैशांची अडचण उरलेली नाही. तसं करायचं नसेल, तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूतून बूटची ओळ बदलून थेट रूट शेलमध्ये शिरायचं आणि नेटप्लॅनच्या किंवा इंटरफेसेसच्या फाइलमध्ये कार्डाचं नाव दुरुस्त करायचं. त्या वेळी बाकीच्या फाइली उघडू नका, नाहीतर सरावाची मजा तिथेच संपेल.

मशीनची नक्कल काढून दोन टार्गेट केली असतील, तर दोघांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) एकच राहिला नाही ना, तेही बघा. क्लोन करताना नवे मॅक पत्ते तयार करण्याचा पर्याय निवडायचा असतो.

मशीन सुरूच होत नाही

‘व्हीटी-एक्स उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बायॉसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन सुरू करा. इंटेलवर त्याचं नाव व्हीटी-एक्स, एएमडीच्या बोर्डांवर बऱ्याचदा एसव्हीएम मोड. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स या भागात सीपीयूखाली ते चालू आहे की नाही हे दिसतं, त्यामुळे बायॉसमध्ये शिरण्याआधी तिथे नजर टाका.

मशीन चालतं पण गोगलगायीसारखं, असं असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत बघा. तिथे हिरवं कासव दिसलं तर विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअलायझेशन यंत्रणेने, हायपर-व्हीने, प्रोसेसरची सुविधा आधीच धरून ठेवली आहे. हायपर-व्ही आपण कधी लावलंच नाही असं वाटेल, पण डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटिग्रिटी चालू असली की तो मागून चालतोच. मेमरी इंटिग्रिटी हे होस्टचं खरंखुरं संरक्षण आहे. ते बंद करण्याआधी, थोडा मंदपणा सोसून काम भागतंय का ते पाहा. माझ्या मते बहुतेकांचं भागतं.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर अडचण वेगळी. तिथला प्रोसेसर एआरएम जातीचा आणि मेटास्प्लॉइटेबल इंटेलच्या जातीचं, त्यामुळे ते सरळ व्हर्च्युअलाइझ होत नाही. कालीची एआरएम इमेज मिळते. टार्गेटसाठी यूटीएम या मॅकवरच्या प्रोग्रॅममध्ये इम्युलेशन (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल) करावं लागतं आणि ते सावकाश चालतं. वेबच्या सरावासाठी ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए ही मुद्दाम त्रुटी ठेवलेली वेब ॲप कंटेनरमध्ये (हलक्या, बंदिस्त खोक्यात) चालवणं तिथे जास्त सोयीचं पडतं. कंटेनरचा पोर्ट मात्र फक्त स्वतःच्याच मशीनपुरता उघडा ठेवा.

इमेज उतरवताना आणि जोडताना

मेटास्प्लॉइटेबल २ च्या झिपमध्ये ओव्हीए (थेट इम्पोर्ट होणारी) फाइल नसते, त्यामुळे इम्पोर्ट करायला गेलं की काहीच सापडत नाही. नवं मशीन तयार करायचं आणि डिस्क विचारली की झिपमधली व्हीएमडीके फाइल जोडायची. त्याला ५१२ एमबी रॅम पुरते. कालीची व्हर्च्युअलबॉक्ससाठीची तयार इमेज सेव्हन-झिपमध्ये येते. ती आधी पूर्ण उलगडा, मग ‘इम्पोर्ट’ नव्हे, ‘ॲड’ करा. आणि काली तिच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, फाइल बदललेली नाही हे पडताळायला एसएचए-२५६ चा आकडा जुळवून बघा. हल्ल्याची हत्यारं भरलेली सिस्टीम अनोळखी ठिकाणाहून आणण्यात शहाणपण नाही.

जुनी इमेज पडून असेल तर अपडेट घेताना सहीची किल्ली सापडत नसल्याची तक्रार येईल. एप्रिल २०२५ मध्ये कालीने आपली सही करण्याची किल्ली बदलली, म्हणून असं होतं. नवी किल्ली अधिकृत ठिकाणाहून उतरवून घातली की झालं. सही तपासणंच बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असा संदेश आला तर मशीनचं घड्याळ मागे पडलं आहे, मशीन सेव्ह करून बऱ्याच दिवसांनी उघडलं की असं होतं.

स्नॅपशॉट आणि सामायिक फोल्डर

टार्गेट बिघडवण्याआधी, ते बंद असताना एक स्वच्छ स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची साठवलेली स्थिती) घ्या. पण दर दोन तासांनी घेत बसू नका. प्रत्येक स्नॅपशॉट म्हणजे आधीच्या डिस्कवर रचलेला नवा थर, आणि होस्टची डिस्क भरली की चालू मशीन मध्येच थांबतं. जागा करायला एखादी जुनी डिस्क फाइल फोल्डरमधून हाताने उडवली, तर वरचे सगळे थर निकामी होतात. स्नॅपशॉट पुसायचा तो प्रोग्रॅममधूनच.

टार्गेटला सामायिक फोल्डर, सामायिक क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप यातलं काहीही देऊ नका. व्हर्च्युअल मशीनची भिंत अभेद्य नसते. २०१५ मध्ये क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये व्हेनम नावाची त्रुटी सापडली होती, जिच्यातून गेस्टमधून (आतल्या मशीनमधून) होस्टपर्यंत पोचणं शक्य होतं, आणि ती फ्लॉपी कोणी वापरतही नव्हतं. भिंतीला आपण होऊन खिडकी कशाला पाडायची?

वायफाय दिसत नाही

कालीत वायफायची टूल उघडली आणि वायरलेस कार्डच नाही, हा प्रश्न फार जण विचारतात. लॅपटॉपचं वायफाय होस्टकडेच राहतं. गेस्टला ते साध्या वायर्ड कार्डासारखं दिसतं. ड्रायव्हर शोधत बसू नका. मॉनिटर मोड (आसपासची वायफाय वाहतूक ऐकण्याची सोय) देणारा वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो, आणि तो मशीनच्या यूएसबी सेटिंगमधून गेस्टला द्यावा लागतो. विकत घेण्याआधी त्यातली चिप कोणती आहे ते तपासा, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये चिप वेगळी निघू शकते. सराव स्वतःच्या राउटरवर करा, आणि टूल सुरू करताना त्याचा मॅक पत्ता आणि चॅनेल नेमून द्या, म्हणजे शेजाऱ्यांच्या नेटवर्कला हात लागणार नाही.