एक अंडं, तीन धडे: आठवी-नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी

गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत नाहीतर कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून एकदम इंग्रजी माध्यम. आठवीत येईपर्यंत 'ऑस्मोसिस इज द मूव्हमेंट ऑफ वॉटर' हे धडाधड म्हणतात, पण घरी बरणीतलं चेपणी तोर (मिठात घातलेली कैरी) का सुरकुततं विचारलं तर गप्प. पोरं ढ नसतात हो, शब्द आधी आला आणि वस्तू आलीच नाही, एवढंच. म्हणून मी आता उलटं करतो. आधी वस्तू हातात, मग घरचा शब्द, इंग्रजी शब्द सगळ्यात शेवटी. हे कसं करायचं ते एका अंड्यावर सांगतो, कारण एका अंड्यात घनता, आम्ल आणि ऑस्मोसिस (पातळ पडद्यातून पाण्याचं आत-बाहेर जाणं) असे तीन धडे निघतात आणि खर्चही फारसा येत नाही.

पहिल्या दिवशी समुद्राचं एक लिटर पाणी बाटलीत भरून आणायचं. पावसाळ्यात आणू नका, मिरामारला तर मांडवीचं गोडं पाणी एवढं मिसळलेलं असतं की खारटपणाच उतरतो, दिवाळीनंतर ते मेपर्यंत कधीही चालेल. अंडं पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाला वहीत पेन्सिलीने लिहायला लावा, तरंगणार की बुडणार आणि का. हे लिहिणं टाळू नका, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, कारण नुसतं बघितलं की पोरं म्हणतात 'मला माहीतच होतं'. बहुतेक जण 'तरंगणार' लिहितात, कारण मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं हे कुठेतरी ऐकलेलं असतं. आणि ताजं अंडं सरळ तळाला जाऊन बसतं! समुद्राच्या एक लिटर पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम, त्यामुळे त्या लिटरचं वजन होतं 1025 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे घनता मिलिलिटरला 1.025 ग्रॅम, आणि ताज्या अंड्याची घनता साधारण 1.08. आता अर्धा लिटर साधं पाणी घ्या, किचनच्या वजनकाट्यावर 10-10 ग्रॅम मीठ मोजून विरघळवत जा, 50-60 ग्रॅमच्या आसपास अंडं वर येतं. एखाद्याचं लवकर आलं तर रागावू नका, अंडं शिळं असेल, जुन्या अंड्यातली हवेची पोकळी वाढत जाते म्हणून ते हलकं पडतं. पेडण्यातल्या आगरवाड्याच्या पोरांना विचारा, मिठागरात पाणी एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत नेत आटवत जातात तेव्हा हेच चाललेलं असतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, घनता वाढते.

आता तेच अंडं वजन करून व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. म्हापशाच्या बाजारात माडाच्या सुरेचं मिळतं ते चालेल, पण पांढऱ्यात बुडबुडे जास्त स्पष्ट दिसतात. दोन दिवस ठेवायचं, मध्ये एकदा व्हिनेगर बदलायचं. कवच नाहीसं होतं आणि पातळ पडद्यातलं लिबलिबीत अंडं हातात येतं, तो क्षण मात्र पोरांच्या हातातच होऊ द्या, तुम्ही टेबलावरून दाखवू नका.

इथे शब्दांचा घोळ होतो आणि इथेच खरं शिकवणं आहे. कोणीतरी म्हणतंच, 'सर, कवच मेल्ट झालं'. चहात साखर 'मेल्ट' होते, आईस्क्रीमही 'मेल्ट' होतं, पोरांच्या तोंडी सगळ्याला एकच शब्द. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे आहेत, लोणी वितळतं आणि साखर विरघळते, हा फरक आजीला विचारला तरी ती सांगेल. मग विचारा, कवचाचं यातलं काय झालं? दोन्ही नाही. मिठाचं पाणी ताटात घालून उन्हात ठेवलं की मीठ परत मिळतं, हे व्हिनेगर वाळवून बघा, कवच काही परत येत नाही, म्हणजे नवीन पदार्थ झाला, ही रासायनिक अभिक्रिया. यानंतर फळ्यावर तीन रकाने पाडायचे, घरचा शब्द, पुस्तकी मराठी शब्द, इंग्रजी शब्द. पेपर इंग्रजीत लिहायचाय हे मलाही माहीत आहे, म्हणून शेवटची दहा मिनिटं तेच सगळं इंग्रजीत लिहून घेतो, पण तोपर्यंत पोराकडे सांगायला काहीतरी असतं.

बुडबुडे कसले ते दाखवायला तिसऱ्यांची, म्हणजे खायच्या शिंपल्यांची, कवचं घ्या, तीही अंड्याच्या कवचासारखी कॅल्शियम कार्बोनेटचीच, रविवारी कोणाच्या ना कोणाच्या घरी असतातच. कुटून बारीक करा (तुकडे मोठे ठेवले तर अभिक्रिया फार हळू होते, हाही एक प्रयोगच), बाटलीत व्हिनेगरबरोबर टाका, झाकणाला भोक पाडून सलाईनची नवीन नळी घट्ट बसवा, फट एम-सीलने बुजवा आणि दुसरं टोक चुन्याच्या निवळीत. निवळी म्हणजे पानाचा चमचाभर चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवलेलं वरचं नितळ पाणी. बाटली अधूनमधून हलवत राहा, थोडा वेळ लागतो, मग निवळी दुधाळ होते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आता गंमत बघा, आपल्याकडे पूर्वी चुना शिंपल्या भाजूनच करायचे, त्या चुन्याची निवळी, आणि ती दुधाळ झाली म्हणजे परत शिंपल्यांतलंच कॅल्शियम कार्बोनेट तयार झालं. हे वर्तुळ पोरांना स्वतः काढू द्या, मी आधी सांगून टाकायचो, ती चूक होती. एक सांगतो, चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे निवळी तुम्हीच आदल्या दिवशी करून आणा आणि वर्गात कोणालाही चुन्याची डबी हाताळू देऊ नका. कच्चं अंडं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि ते खायचं नाही.

तिसरा भाग. कवच गेलेलं अंडं पुसून वजन करा. कवच गेलं तरी वजन वाढलेलं दिसतं, पोरं काट्यालाच दोष देतात! व्हिनेगरमध्ये बहुतांश पाणीच असतं, ते पडद्यातून आत शिरलं. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, आणखी वाढतं. मग गार केलेल्या साखरेच्या घट्ट पाकात ठेवा, दुसऱ्या दिवशी मऊ, सुरकुतलेलं, हलकं. मिठाच्या पाण्यानेही होतं पण फरक कमी दिसतो, कारण मिठाचे बारीक कण, म्हणजे आयन, पडद्यातून आत जातात, साखरेचे मोठे रेणू बाहेर अडकतात, म्हणून मी पाकच वापरतो. रोजच्या वजनाचा आलेख काढायला लावा. एकदा एक मुलगी आलेखाकडे बघत म्हणाली, 'सर, आमची आजी तोरं मिठात घालते ती पण अशीच चेपतात ना?' ऑस्मोसिस हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला.

वेळापत्रक असं धरा. सोमवारी पहिल्या पिरियडला समुद्राचं पाणी आणि घनता, अंडं त्याच दिवशी व्हिनेगरमध्ये, मंगळवारी व्हिनेगर बदलायचं आणि शिंपल्यांचा प्रयोग, बुधवारी अंडं साध्या पाण्यात, गुरुवारी पाकात, शुक्रवारी शेवटचं वजन. आठवड्याच्या मधेच सुरुवात केलीत तर शनिवार-रविवार अंडं बंद लॅबमध्ये राहील आणि सोमवारी वास सहन होणार नाही. प्रत्येक गटाला एक अंडं आणि एक जास्तीचं ठेवा, एखादं फुटतंच. ज्या घरी अंडं चालत नाही त्या मुलांना तिसऱ्या भागासाठी बटाट्याच्या सारख्या लांबीच्या फोडी द्या, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या, दुसऱ्या दिवशी पट्टीने लांबी मोजायची, आणि मार्च-एप्रिल असेल तर तोर घरूनच घेऊन यायला सांगा.