इंग्रजीत वेळ सांगताना या चुका टाळा: भेट हुकवणाऱ्या आधी, कानाला खटकणाऱ्या नंतर

वेळेबद्दल इंग्रजीत बोलताना होणाऱ्या चुका दोन जातींच्या असतात. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' असं कोणी म्हटलं तर वाक्य चुकलेलं असतं, पण मुद्दा पोचतो. दोन वर्षं झाली, बस. याउलट 'आय विल बी देअर बाय सिक्स' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. पण तुम्हाला 'सहा वाजेपर्यंत मी तिथेच थांबेन' असं म्हणायचं असेल, तर तुम्ही निघायच्या वेळेला समोरचा माणूस तुमची वाट बघायला लागतो. शिकवण्यांमध्ये पहिल्या जातीवर तासन्‌तास खर्च होतात आणि दुसरीवर फारसं कोणी बोलत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे.

'पर्यंत'चा घोटाळा

मराठीतला 'पर्यंत' दोन कामं करतो. 'मी शुक्रवारपर्यंत अहवाल देतो' म्हणजे शुक्रवारी किंवा त्याआधी कधीतरी ते काम एकदा होऊन जाणार. 'मी शुक्रवारपर्यंत इथेच आहे' म्हणजे ती स्थिती शुक्रवार येईतो चालू राहणार. क्रियापदावरून आपल्याला हा फरक आपोआप कळतो, त्यामुळे असा काही फरक आहे हेच लक्षात येत नाही. इंग्रजीत पहिल्यासाठी 'बाय' आणि दुसऱ्यासाठी 'टिल' किंवा 'अन्टिल'. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस शुक्रवारपर्यंत रोज अहवाल पाठवत बसणार आहे.

शंका आली तर मराठी वाक्यात 'सतत' घालून बघा. 'मी शुक्रवारपर्यंत सतत इथे आहे' हे चालतं, तेव्हा 'टिल'. 'मी शुक्रवारपर्यंत सतत अहवाल देतो' हे हास्यास्पद वाटतं, तेव्हा 'बाय'.

नकारार्थी वाक्यात जास्त जपावं लागतं. 'यू वोन्ट गेट इट टिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार येईतो मिळणार नाही, शुक्रवारी मिळेल. निदान ऐकणारा तशी अपेक्षा ठेवतो. 'यू वोन्ट गेट इट बाय फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडला तरी मिळालेलं नसेल आणि पुढे कधी मिळेल ते सांगितलेलंच नाही. एका छोट्या शब्दाने आश्वासनाचा नकार होतो.

आणखी एक कोपरा. 'आय ॲम ऑन लीव्ह टिल द टेन्थ' म्हटल्यावर दहा तारखेला तुम्ही कामावर आहात की नाही? इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही हे विचारावं लागतं. अमेरिकन लोक 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणतात तेव्हा शुक्रवार धरलेला असतो. पण सगळ्यात सोपं म्हणजे रजा संपण्याची तारीख न सांगता परतण्याची तारीख सांगावी: 'आय ॲम बॅक ऑन द इलेव्हन्थ'. यात वादाला जागा उरत नाही.

'दोन तासांत' आणि 'दोन तासांनी'

इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे आणि नेमकं तेच नडतं. 'दोन तासांत फोन करतो' म्हणजे मुदतीच्या आत कधीही. 'दोन तासांनी करतो' म्हणजे दोन तास झाल्यावर. 'इन' हा शब्द दिसायला 'आत'सारखा, म्हणून आपण 'दोन तासांत'साठी बेधडक 'आय विल कॉल यू इन टू अवर्स' म्हणतो. इंग्रजी कानाला मात्र ते 'दोन तासांनी' असं ऐकू जातं. तुम्ही वीस मिनिटांत फोन केलात तर तो माणूस दुसऱ्याच कामात अडकलेला असतो. मुदतीच्या आत म्हणायचं असेल तर 'विदिन टू अवर्स'.

पण 'आय फिनिश्ड इट इन टू अवर्स' याचा अर्थ दोन तासांत संपवलं असाच होतो. एखादं काम पुरं व्हायला किती वेळ लागला हे सांगताना 'इन' आपल्या 'त'शी जुळतो, आतापासून पुढची वेळ सांगताना तो 'नी'शी जुळतो.

मग 'आफ्टर टू अवर्स'चं काय? आतापासून पुढचं सांगताना तो टाळलेलाच बरा, कारण 'दोन तास उलटल्यावर केव्हाही' असा त्याचा सैल अर्थ होतो. गोष्ट सांगताना, 'आफ्टर टू अवर्स ही केम आउट' अशा भूतकाळात तो छान बसतो. घटनेच्या आधी लावायला तर तोच हवा: 'आफ्टर द मीटिंग', 'आफ्टर लंच'.

परवा, तेरवा

'परवा' मागेही जातो आणि पुढेही, क्रियापद दिशा ठरवतं. इंग्रजीत यासाठी एकेक शब्दच प्रचारात नाही, 'द डे बिफोर यस्टरडे' आणि 'द डे आफ्टर टुमारो' अशी लांबण लावावी लागते. ती कापून 'आय विल कम डे आफ्टर' म्हणायची सवय आपल्याकडे खूप आहे. बाहेरचा माणूस त्यावर 'कशाच्या नंतर?' असं विचारतो. तेरव्यासाठी तर सरळ वाराचं नाव घ्यावं. 'लास्ट टू लास्ट वीक' हेही आपलंच अपत्य. 'द वीक बिफोर लास्ट' म्हणायचं.

जिथे इंग्रजी बोलणाऱ्यांचंच एकमत नाही

आतापर्यंतच्या चुका शिकून सुटतात. पुढच्या सुटत नाहीत, कारण तिथे बरोबर उत्तर एक नाहीच.

'नेक्स्ट फ्रायडे' घ्या. आज मंगळवार असेल तर तीन दिवसांनी येणारा शुक्रवार, की त्याच्या पुढच्या आठवड्यातला? बऱ्याच लोकांच्या मते जवळचा तो 'धिस फ्रायडे' आणि त्यानंतरचा 'नेक्स्ट', पण सगळे तसं मानत नाहीत. व्याकरणाचं पुस्तक उघडून हा तंटा मिटणार नाही. वारासोबत तारीख जोडा: 'फ्रायडे द ट्वेल्फ्थ'. वार आणि तारीख जुळत नसेल तर समोरचाच ओरडतो, हा वरचा फायदा.

बैठक 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली म्हणजे अलीकडे आली की पलीकडे गेली? मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोडित्स्की यांच्या प्रयोगांमुळे हा प्रश्न गाजला. बुधवारची बैठक दोन दिवस 'फॉरवर्ड' नेली, तर आता ती कधी आहे असं विचारल्यावर इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी काही सोमवार म्हणतात आणि काही शुक्रवार. आपण काळाकडे सरकतो आहोत असं मनात असेल तर शुक्रवार, काळ आपल्याकडे येतो आहे असं वाटत असेल तर सोमवार. तेव्हा 'फॉरवर्ड' एकट्याने वापरूच नये. 'मूव्ह्ड फ्रॉम वेन्झडे टू मंडे' असं दोन्ही वारांसह लिहावं. 'प्रीपोन' हा शब्द आपल्याकडे सर्रास चालतो आणि शब्दकोशांतही आहे. माझ्या मते तो 'फॉरवर्ड'पेक्षा कितीतरी स्पष्ट आहे. मात्र ब्रिटिश किंवा अमेरिकन माणसाने तो ऐकलेला असेलच याची खात्री नसते.

'बायवीकली' तर इंग्रजीने स्वतःवरच केलेली थट्टा आहे. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, हे दोन्ही अर्थ शब्दकोशात शेजारी शेजारी दिलेले असतात. 'बायमंथली'ची तीच गत. 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' म्हणा. पंधरवड्यासाठी 'फोर्टनाइट' ब्रिटनमध्ये चालतो, अमेरिकेत क्वचितच कानावर पडतो.

घड्याळ: साडे, सवा, पावणे

यात मराठी माणसाला आयता फायदा आहे. पावणेसहा म्हणजे 'क्वार्टर टू सिक्स', सव्वासहा म्हणजे 'क्वार्टर पास्ट सिक्स', साडेसहा म्हणजे 'हाफ पास्ट सिक्स'. तिन्ही ठिकाणी तास तोच. ब्रिटिश लोक बोलताना 'पास्ट' गाळून 'हाफ फाइव्ह' म्हणतात, तेव्हाही त्यांच्या मनात साडेपाचच असतात. पण जर्मन भाषेत याच धर्तीवरचा 'हाल्ब फ्युन्फ' म्हणजे साडेचार. समोरचा जर्मन असेल आणि इंग्रजीत 'हाफ फाइव्ह' म्हणाला, तर 'फोर थर्टी ऑर फाइव्ह थर्टी?' असं विचारून घ्यावं. काही अमेरिकन लोकांच्या तोंडी 'क्वार्टर ऑफ फाइव्ह' असतं, ते पावणेपाच.

अडचण येते ती घड्याळातली वेळ सोडून कालावधी सांगताना. पावणेदोन वाजले तर 'क्वार्टर टू टू', पण पावणेदोन तास लागले तर 'ॲन आवर अँड थ्री क्वार्टर्स' किंवा सरळ 'वन आवर फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स'. दीड तासाचं 'वन अँड हाफ आवर' होत नाही. 'ॲन आवर अँड अ हाफ', नाहीतर 'वन अँड अ हाफ आवर्स'. या दुसऱ्या रूपात तास अनेकवचनी होतो, ते विचित्र वाटलं तरी तसंच आहे.

बारा वाजल्याची गोष्ट निराळी. एएम म्हणजे मध्यान्हापूर्वी आणि पीएम म्हणजे मध्यान्हानंतर, मग खुद्द मध्यान्ह कशात मोडणार? रूढीप्रमाणे १२ पीएम म्हणजे दुपार आणि १२ एएम म्हणजे मध्यरात्र, पण गोंधळ इतका होतो की 'नून' आणि 'मिडनाइट' लिहिणं शहाणपणाचं. 'मिडनाइट ऑन फ्रायडे'ही निसरडं आहे, कारण शुक्रवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची हे त्यातून कळत नाही. म्हणूनच बऱ्याच ऑनलाइन अर्जांच्या मुदतीत रात्री ११:५९ असं लिहिलेलं दिसतं.

खटकणाऱ्या, पण नुकसान न करणाऱ्या

आता त्या नेहमीच्या चुका. 'पासून' म्हटलं की 'सिन्स' आठवतो, पण 'सिन्स'नंतर आरंभबिंदू लागतो, किती काळ झाला ते नाही. म्हणून 'सिन्स २०२१' आणि 'फॉर टू इयर्स'. दोन्हींसोबत क्रियापद 'हॅव बीन वर्किंग' असं येतं, 'ॲम वर्किंग' चालत नाही. 'दोन दिवसांपूर्वी'चं 'बिफोर टू डेज' करू नका, 'टू डेज अगो' म्हणा. 'अगो' शेवटी येतो आणि त्याला साधा भूतकाळ लागतो: 'आय मेट हिम टू डेज अगो', 'हॅव मेट' नाही.

'टुडे मॉर्निंग' आणि 'यस्टरडे नाइट' यांच्या जागी 'धिस मॉर्निंग' आणि 'लास्ट नाइट'. 'टुमारो मॉर्निंग' मात्र बरोबर आहे, यामागे काही तर्क शोधू नका. वाराआधी 'ऑन', महिन्याआधी आणि सालाआधी 'इन', घड्याळातल्या वेळेआधी 'ॲट'. पण नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी आले की आधीचा 'ऑन' गळतो, 'ऑन नेक्स्ट मंडे' होत नाही. 'ओक्लॉक' फक्त पूर्ण तासाला लागतो, साडेपाचला नाही. दोन तासांची परीक्षा 'टू-आवर एक्झाम', 'टू-अवर्स एक्झाम' नव्हे. 'ऑन टाइम' म्हणजे ठरल्या वेळी, 'इन टाइम' म्हणजे उशीर व्हायच्या आत. गाडी 'ऑन टाइम' सुटते, तुम्ही ती पकडायला 'इन टाइम' पोचता.

आकड्यांतली तारीख आणि घड्याळाचा प्रदेश

०३/०४/२०२६ ही तारीख ब्रिटिश वाचकाला ३ एप्रिल, अमेरिकन वाचकाला ४ मार्च. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की प्रश्न मिटतो. आकड्यांतच लिहायची असेल तर आयएसओ ८६०१ या मानकाप्रमाणे आधी साल, मग महिना, मग दिवस: २०२६-०४-०३.

'एंड ऑफ द डे'पर्यंत काम देतो असं परदेशातल्या सहकाऱ्याला सांगताना कोणाचा दिवस ते सांगा. आणि लंडनच्या वेळेला बारमाही 'जीएमटी' म्हणू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडनची घड्याळं जीएमटीच्या एक तास पुढे असतात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो, त्यामुळे एरवी पाच तासांचं असलेलं लंडन-न्यूयॉर्क अंतर मार्चमध्ये दोन-तीन आठवडे चारच तासांवर येतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर पुन्हा एक आठवडा. या दिवसांतल्या बैठकीच्या निरोपात वेळेपुढे 'लंडन टाइम' किंवा 'न्यूयॉर्क टाइम' असं शहराचं नाव लिहा. तास जोडण्या-वजा करण्याचं काम कॅलेंडरला करू द्या.