जुन्या डायनिंगच्या खुर्च्या घरी रंगवताय? या चुका टाळा

आमच्याकडे सासऱ्यांचं सहा माणसांचं टेबल होतं, चांगलं दणकट, पण त्याच्या खुर्च्या कधीच मोडून गेल्या होत्या. दुकानात नव्या सहा खुर्च्यांचा भाव विचारला आणि गप्प घरी आलो. मग दोन रविवार पुण्याच्या जुन्या बाजारात फिरून चार खुर्च्या मिळवल्या, साडेतीनशे ते पाचशेला एक, आणि दोन सोसायटीतल्या काकूंनी फ्लॅट सोडताना देऊन टाकल्या. सहाच्या सहा वेगळ्या, म्हणून सगळ्यांना एकच गडद हिरवा रंग द्यायचं ठरलं. पहिल्या दोन खुर्च्यांचा रंग तीन महिन्यांत नखाने निघायला लागला, नंतरच्या तीन आज दोन वर्षं झाली तरी तशाच आहेत (सहावी का रंगवली नाही ते पुढे येईलच). रंग एकाच कंपनीचा, ब्रशही तोच. फरक होता तो रंग लावायच्या आधी काय केलं आणि किती थांबलो याचा, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कुणाचे तरी पैसे आणि दोन-चार रविवार वाचतील.

बाजारातच होणाऱ्या चुका

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईच्या लोकांना जोगेश्वरीचं ओशिवरा मार्केट माहीत असेलच. तिथे गेलात की डिझाइन नंतर बघा, आधी टेप काढा. टेबल साधारण ३० इंच उंच असतं, बैठक जमिनीपासून १८ इंचांच्या आसपास हवी, म्हणजे बैठकीपासून टेबलाच्या वरच्या फळीपर्यंत १० ते १२ इंच राहतात आणि मांड्या नीट आत जातात. आमची एक खुर्ची २० इंचांची निघाली, जेवताना गुडघे खालच्या पट्टीला घासायचे. शेवटी सुताराकडून चारही पाय सारखे कापून घेतले. हे काम रंगाच्या आधी करायचं असतं, आम्ही नंतर केलं आणि पायांचे तळ परत रंगवत बसलो.

दुसरं म्हणजे ढेकूण. बैठकीच्या खालच्या कोपऱ्यात, स्क्रूच्या भोकात, गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले तर खुर्ची कितीही सुंदर असली तरी तिथेच सोडा. घरी आणल्यावर कळलं तर ती बाकी सामानापासून लांब ठेवा, गादी काढून टाका आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. रॉकेल ओतू नका, पूर्वी घरोघरी ओतायचे हे खरं, पण लाकूड ते पिऊन घेतं, वर रंग धरत नाही आणि पेट घ्यायची भीती वेगळीच.

तिसरं, किडलेलं लाकूड. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यातून मैद्यासारखी बारीक पूड पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. खात्री करायची असेल तर खुर्ची दोन-तीन दिवस वर्तमानपत्रावर उभी करून ठेवा, ताजी पूड पडते का ते बघा. भोकं जुनी असतील आणि काहीच पडत नसेल तर चालेल. पूड पडतेय आणि वरून रंग लावून मोकळे झालात तर किडा आतल्या आत खात राहतो.

प्रत्येक खुर्ची रंगवायचीच असते असं नाही

हे मला मनापासून सांगायचंय. खुर्ची उलटी करून बैठकीच्या खाली, जिथे पॉलिश पोचलेलं नसतं, तिथे जरा घासून बघा. सोनेरी-तपकिरी लाकूड आणि हाताला किंचित तेलकट लागलं तर सागवान असू शकतं, गडद चॉकलेटी उभ्या रेघा आणि हातात जड असेल तर शिसवी. शंका असेल तर सुताराला दाखवा. अशा लाकडावर ऑइल पेंट मारू नका हो, परत काढायचा म्हटलं तर जीव जातो. घासून पॉलिश करा किंवा जवसाचं तेल लावा, फक्त तेल पुसलेली फडकी चुरगाळून बादलीत टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात, सुटी पसरून वाळवा आणि मग टाका. रंग द्यायचा तो रबरवुडला, साध्या जंगली लाकडाला, जिथे तिथे ठिगळं लावलेल्या खुर्चीला. आमच्या सहात एक सागवानी निघाली, ती तशीच ठेवली, टेबलाच्या टोकाला घरातल्या मोठ्यांची खुर्ची म्हणून शोभून दिसते.

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणे

रंगाने खुर्ची मजबूत होत नाही. सांधा हलत असेल तर त्यावरचा रंग पहिल्या आठवड्यातच तडकतो आणि आपल्याला वाटतं रंग खराब होता. खिळा ठोकला की सुकं लाकूड चिरतं आणि सांधा आणखी ढिला होतो. त्यापेक्षा हलणारा सांधा हळूच पूर्ण सोडवा, आतला जुना सुकलेला गोंद खरवडून काढा (सुकलेल्या फेविकॉलवर नवीन फेविकॉल धरत नाही, ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात), नवीन लावा आणि घट्ट आवळून २४ तास हात लावू नका. शिकंजे विकत घ्यायची गरज नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि पायांभोवती ताणून गुंडाळा, किंवा सुतळीचा दुहेरी फेरा घालून मध्ये लाकडी पट्टी अडकवून पीळ द्या. आवळताना खुर्ची सपाट फरशीवर उभी असू द्या, नाहीतर वाकडी चिकटते आणि कायमची एका पायावर डुलते.

बैठक स्क्रूने बसवलेली असेल तर आधी काढून घ्या. कोणती बैठक कोणत्या खुर्चीची ते खाली पेन्सिलने लिहा, स्क्रू पण वेगवेगळ्या पुड्यांत. दिसायला सारख्या असल्या तरी भोकं एकमेकींना जुळत नाहीत.

डोक्याचं तेल, हाताचं तेल, फोडणीचं तेल

आमच्या पहिल्या दोन खुर्च्या याच्यामुळेच बिघडल्या. बघा, आपल्याकडच्या डायनिंगच्या खुर्चीवर काय काय असतं. पाठीच्या वरच्या पट्टीवर वर्षानुवर्षं खोबरेल तेल लावलेली डोकी टेकलेली असतात, खुर्ची ओढताना जेवलेले हात लागतात, आणि स्वयंपाकघर जवळ असेल तर फोडणीचा तेलकट थर सगळ्या अंगावर. दिसत काहीच नाही, नुसतं पॉलिश चमकतंय असं वाटतं. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि सरळ घासायला लागले, घासल्यावर तेल निघालं नाही तर उलट लाकडात पसरलं. रंग निघाला तो बरोबर तिथेच, पाठीच्या वरच्या पट्टीवर आणि हात लागतात त्या कडांवर.

बरोबर क्रम असा की आधी धुवा, मग घासा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा, अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे, हातात ग्लोव्हज आणि भांडी घासायची हिरवी घासणी. पिवळं-तपकिरी पाणी निघेल, ते निघायचं थांबेपर्यंत करा. मग साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या, कारण सोडा राहिला तर तोही रंगाला त्रास देतो. पाणी ओतायचं नाही, पिळलेल्या फडक्यानेच, प्लाय किंवा एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) बैठक असेल तर फारच जपून, ती फुगते. सावलीत दोन दिवस वाळू द्या. मेणाचं पॉलिश असल्याचा संशय असेल तर नंतर एकदा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा.

धुऊन झालं का हे तपासायला थोडं पाणी शिंपडा. थेंब गोळ्या होऊन घरंगळले तर तेल किंवा मेण अजून आहे, पाणी पसरलं तर पुढे जा.

घासणं

सगळं जुनं पॉलिश काढायची गरज नसते, चमक जायला हवी. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग २२०, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. जिथे चमकदार ठिपका राहतो तिथूनच पुढे टवका उडतो, म्हणून खुर्ची उजेडात तिरकी धरून बघा. कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवून एका कोपऱ्यावर घासा, तपकिरी चिकट झालं तर जुनं फ्रेंच पॉलिश आहे, ते स्पिरिटनेच पुसून निघतं आणि पेपर भरून वाया जात नाही.

खुर्चीवर आधीच जुना ऑइल पेंट असेल तर मात्र थांबा. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं भरपूर असू शकतं. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर अजिबातच नाही. काळा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घ्या, ओलं करून घासा, मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरा आणि गाळ पुसून पिशवीत बांधून टाका.

भोकं आणि फटी भरायला भिंतीची पुट्टी वापरू नका, खुर्ची बसताना थोडी लवते आणि ती पुट्टी सुटून पडते. लाकडाच्या फटी भरायचं तयार लुकण मिळतं, त्याला लांबी म्हणतात, छोटा डबा पुरतो.

प्रायमर वाचवणे

दीडशे-दोनशे रुपये वाचवायला लोक प्रायमर गाळतात आणि मग रंगाचे तीन हात मारतात, म्हणजे खर्च जास्तच. वुड प्रायमरचा एक पातळ हात, रात्रभर वाळू द्या, २२० ने हलकं घासा.

फिकट रंग देणार असाल तर अजून एक गोष्ट. काही लाकडातला आणि जुन्या पॉलिशमधला लालसर रंग पांढऱ्या प्रायमरमधून वर येतो, गुलाबी किंवा चहाचे डाग पडल्यासारखं दिसतं. वरून कितीही हात मारा, तो परत येतो. त्याला चपडा लाख (पॉलिशसाठी मिळणारे लाखेचे पातळ पापुद्रे) लागते, साधारण २०० ग्रॅम एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, गाळून एक हात मारायचा, तासा-दोन तासांत वाळतो, मग त्यावर प्रायमर. हे गॅसजवळ किंवा देवाच्या दिव्याजवळ करू नका. पुण्यात चपडा, स्पिरिट, पेपर सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत एकाच फेरीत मिळतं.

कोणता रंग

घराला दिलेल्या रंगातला अर्धा डबा उरलाय म्हणून तो खुर्चीला लावायची फार इच्छा होते. तो भिंतीसाठी असतो, खुर्चीवर माणूस बसतो, घाम लागतो, तो मऊच राहतो आणि कपड्याला चिकटतो. साधा ऑइल पेंट स्वस्त आणि टणक, पण पांढरा असेल तर उजेड कमी असलेल्या खोलीत हळूहळू पिवळा पडतो, पांढऱ्यासाठी पाण्यातला इनॅमल घ्या, थोडा महाग आहे पण वास कमी. व्हिडिओत दिसतो तो खडूसारखा मॅट रंग मला आपल्या घरात पटत नाही, वरून नीट संरक्षक थर दिला नाही तर आमटीचा एक थेंब पडला की हळद कायमची. आणि गजांच्या पाठीच्या खुर्चीला स्प्रे कॅन नको, निम्मा रंग गजांच्या मधून हवेत जातो.

घाई

एकाच जाड हातात उरकायचा मोह सगळ्यांना होतो. ऑइल पेंटचा जाड थर दुधासारखा वागतो, वर साय धरते आणि खाली ओलाच राहतो. एका वाटी रंगात दोन-तीन चमचे टर्पेंटाइन घाला, दोन इंची ब्रश अर्धाच बुडवा, खुर्ची उलटी ठेवून आधी पाय आणि आतल्या बाजू, मग सरळ करून बाकीचं. दोन हातांमध्ये एक पूर्ण दिवस आणि मध्ये हलका पेपर. पावसाळ्यात शक्यतो हे काम काढूच नका, आणि भर उन्हात गच्चीवरही नको. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस सगळ्यात चांगले. बाल्कनीत करत असाल तर आदल्या दिवशी झाडून घ्या, रंगवायच्या दिवशी झाडू हातात घेऊ नका.

हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नसतं. ऑइल पेंट खरा टणक व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पाहुणे येणार म्हणून आम्ही तिसऱ्या दिवशी बसलो आणि बैठकीवर जीन्सची वीण उमटली.

आधीच बिघडलंय, आता काय?

भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुरकुतलाय? एकतर थर जाड होता, नाहीतर ऑइल पेंटवर स्प्रे कॅन किंवा कडक थिनर लागलाय. पूर्ण वाळू द्या, तेवढा भाग खरवडा, प्रायमरपासून परत.

ओघळ आलेत? ओले असताना बोट लावू नका. आठवडाभराने २२० ने सपाट करून एक पातळ हात.

महिना झाला तरी चिकट आहे? खाली तेल आहे किंवा भिंतीचा रंग आहे. पंख्याखाली अजून एक आठवडा बघा, तरी नाही तर काढावाच लागेल, वरून अजून एक हात मारून चिकटपणा जात नाही.

बारीक गोल खड्डे पडलेत, रंग जागा सोडून पळतोय? मेण किंवा तेल. वाळल्यावर घासा, टर्पेंटाइनने पुसा, चपड्याचा एक हात द्या आणि मग रंग.

नखाने पापुद्रा निघतोय, आमच्यासारखा? एका ठिकाणी चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर ठिगळं लावू नका, सगळा काढून परत धुण्यापासून सुरुवात करा. आम्ही त्या दोन खुर्च्यांचं तसंच केलं, एक रविवार जास्त गेला.

रंग उरला तर औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, वर तारीख आणि शेड नंबर लिहून ठेवा. पायांना खालून नमद्याचे गोल तुकडे चिकटवा, नाहीतर फरशीवर ओढून ओढून पायाचा रंग सगळ्यात आधी जातो.