मळीत फिरायला जाताना: आधी लोबित, मग डबा

नेदरलँड्समध्ये चालायला जायचं म्हटलं की तयारी ती कसली करायची, असंच वाटतं. डोंगर नाही, घाट नाही, सगळ्यात मोठा चढ म्हणजे नदीचा बांध. मलाही असंच वाटलं होतं. म्हणूनच मागच्या फेब्रुवारीत बायको, आठ वर्षांची मुलगी आणि इथे मुक्कामाला आलेली आई यांना घेऊन मी मिलिंगरवार्ड या नदीकाठच्या रानात गेलो आणि घोटाभर बर्फगार पाण्यातून सगळ्यांना परत आणलं. तेव्हापासून घरात माझ्या शब्दाला किंमत उरलेली नाही. निदान तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय, जसं आठवेल तसं.

सगळ्यात आधी नदीची पातळी बघा. पावसाचा अंदाज नाही म्हणत मी, नदीची पातळी. पावसाचा अंदाज आपण सगळेच बघतो. मीही बघितला होता: पुढचे तीन तास कोरडे, वर ऊन. फेब्रुवारीतलं ऊन म्हणजे इथे सणच, त्यामुळे पुढे काही बघायचं सुचलंच नाही.

मिलिंगरवार्ड हे नायमेगन शहराच्या पूर्वेला, जर्मनीच्या सीमेला खेटून आहे. ऱ्हाइन देशात शिरते आणि तिथेच दुभंगते. मोठा फाटा वाल, जवळपास दोन तृतीयांश पाणी तिकडे जातं. उरलेलं पानर्डनच्या कालव्यात. दिसायला तो नदीसारखाच दिसतो, पण १७०१ ते १७०७ मध्ये माणसांनी खणलेला आहे. या वालच्या काठाला दोन बांध असतात. नदीजवळचा ठेंगणा तो उन्हाळी बांध आणि मागे लांबवर उंच, ज्याच्यावरून रस्ता जातो, तो हिवाळी बांध. मधल्या सखल जमिनीला डच लोक आउटरवार्डन म्हणतात. आम्ही सांगलीकडची माणसं तिला मळी म्हणू. फिरायला सगळ्यात सुंदर जागा तीच, आणि पाणी वाढलं की नदी आधी तिथेच येते. बांधांची नावं काय आहेत ते बघा. उन्हाळ्यात ठेंगणा बांध पुरतो, हिवाळ्यात उंच लागतो. इथे पुराचा हंगाम आपल्या उलटा, थंडीतला. आपल्या डोक्यात पूर म्हणजे जुलै-ऑगस्ट, त्यामुळे फेब्रुवारीत ही शंकाच येत नाही.

आणि मी सांगलीचा. लहानपणापासून ऐकत आलोय, आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. गावात उघडीप असते, पण कोयनेतून पाणी सोडलेलं असतं आणि कृष्णा गुपचूप पायऱ्या चढत येते. २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आईनं माळ्यावर बसून दोन रात्री काढल्या. एवढं सगळं माहीत असलेला माणूस मोबाइलवर ढगांचं चित्र बघून घराबाहेर पडला. पाऊस नायमेगनला पडावाच लागत नाही. तो जर्मनीत पडतो, कोलोनला नदी चढते आणि एक-दोन दिवसांत ते पाणी इथे येतं. तुम्ही तेव्हा उन्हात सँडविच खात असता.

म्हणून लोबित. लोबित हे सीमेवरचं गाव, ऱ्हाइनची पातळी तिथे मोजतात आणि सरकारच्या वॉटरइन्फो या संकेतस्थळावर ती रोज दिसते. आकडा अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीपासूनच्या (म्हणजे साधारण समुद्रसपाटीपासूनच्या) उंचीचा असतो, तो नदीची खोली समजू नका. ९ मीटर दिसले म्हणून दचकायचं कारण नाही, ते नेहमीचंच. १९९५ च्या जानेवारीअखेरीस तो १६ मीटरच्या वर गेला होता, तेव्हा या भागातून अडीच लाख माणसं हलवली होती. आपल्याला एवढं टोक गाठायची गरज नाही, मळी त्याच्या खूप आधी भरते. मी नुसता आजचा आकडा बघत नाही, गेल्या चार दिवसांची रेघ बघतो. रेघ वर चाललेली असेल तर खाली उतरायचं नाही. आकडा मोठा असला पण उतरत असेल, तरीही दोन-तीन दिवस थांबायचं, कारण पाणी गेलं तरी खोलगट जागांत तुंबून राहतं. निघायच्या आदल्या रात्री एकदा बघा आणि सकाळी परत एकदा. या भागाची देखभाल स्टाट्सबॉसबेहेर हे सरकारी वनखातं करतं, त्यांच्या पानावर वाटा बंद असल्याची सूचना असते, तीही वाचा. लोबित बघितलं नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

त्या दिवशी काय झालं तेही सांगतो, म्हणजे मी उगाच ओरडत नाही हे पटेल. आत जाताना एक ओघळ लागला, ओलसर चिखल, मुलीनं उडी मारून ओलांडला. पाऊण तास गेलो असू. पुढे कुंपणाच्या खांबांची नुसती डोकी पाण्याबाहेर, एकामागे एक, लहान होत गेलेली, आणि वाट सरळ त्या पाण्यात उतरलेली. गवताच्या टोकांना फेस आणि काटक्या अडकलेल्या. फोटो काढले. हो, मी तिथे उभा राहून फोटो काढले. आई म्हणाली, "अरे, हे पाणी चढतंय." मी म्हटलं, "आई, हा हॉलंड आहे, इथे सगळं नियंत्रणात असतं." परत आलो तर तो ओघळ घोटाभर वाहत होता. आईच्या पायात कापडी बूट. तिनं साडी खोचली, नातीचा हात धरला आणि पलीकडे जाऊन वळून एवढंच विचारलं, "आयर्विनची पातळी न बघता तू कधी घाटावर गेलायस का?"

तर, पातळी चढती असेल तर घरी बसायची गरज नाही. हिवाळी बांधावरून चाला, वरून मळीतलं पाणी बघायला फार छान दिसतं आणि पाय कोरडे राहतात. नाहीतर बांधाच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला ओइपोल्डरमध्ये जा. तिथे चालण्याच्या वाटांना ठिकठिकाणी नंबर दिलेले आहेत, खांबावर बाण असतात. घरून निघताना नंबर ओळीनं कागदावर लिहून घ्या, हातमोजे काढून मोबाइल चाळत बसावं लागत नाही. किंवा नायमेगनमध्येच पुलापलीकडे लेंटला जा. तिथे नदीला जागा द्यायची म्हणून बांधच ३५० मीटर मागे सरकवला आणि नवीन प्रवाह खणला. नदीला अडवत बसण्यापेक्षा आपणच मागं सरायचं, हे सांगलीत कोणी तरी ऐकायला पाहिजे, पण तो विषय वेगळा. सांगायचा मुद्दा, पर्याय आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, कारण एकदा तिथे पोचलं की "थोडंसंच आत जाऊन बघू" हा मोह होतो. मला झाला.

पायात काय घालायचं? पातळी नीट असली तरी गमबूट. मळीचा गाळ आपल्या काळ्या रानासारखा चिकट, बुटाला किलोभर लागतो. महागडे ट्रेकिंगचे बूट सह्याद्रीसाठी ठेवा. मुलांचे मोज्यांचे दोन जादा जोड, मोठ्यांचा एक. पिशवीत प्लास्टिकची पिशवी, ओल्या मोज्यांसाठी. वाऱ्याला अडवणारं जॅकेट, टोपी. छत्री नको, वारा उलटी करतो.

डबा, पाणी, थर्मासात चहा: हे मराठी माणसाला सांगायला नको. आत दुकान नाही, एवढंच.

जनावरं. आत कोनिक घोडे आणि गॅलोवे गाई मोकळ्या फिरतात, आपल्यात आणि त्यांच्यात कुंपण नाही, राखण्या नाही. २५ मीटर अंतर ठेवा. गाय दिसली म्हणून नमस्कार करायला जवळ जायचं नाही, पोळी द्यायची नाही, आणि वासरू व आई यांच्या मधून तर अजिबात जायचं नाही. त्या वाटेतच उभ्या राहिल्या तर आपण वळसा घ्यायचा. या भागात वाट सोडून भटकायला परवानगी आहे, त्यामुळे वळसा घ्यायला हरकत नाही. बीव्हर हा झाडं कुरतडणारा प्राणी दिसेलच असं नाही, पण पेन्सिलीसारखी टोकं काढलेली झाडं दिसतात, मुलांना तेवढं पुरतं.

मार्च ते ऑक्टोबर गोचीड. फुलपँट, पायमोजे पँटच्या वर ओढलेले. घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या कानामागे आणि केसांत बघा. चिकटलेला असेल तर चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ उपटा, तेल-बिल लावू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यांत लाल चकंदळ पसरायला लागलं तर डॉक्टर.

छोट्या होडीनं नदीपलीकडे जायचा बेत असेल तर ती थंडीत बंद असते असं धरून चाला, आणि पाणी चढलं तरीही बंद होते, म्हणजे परत लोबितच. रविवारची परतीची बस आधी बघून ठेवा. अंधार चारनंतर कधीही, महिन्यावर आहे. मोबाइल चार्ज.

आई आता सांगलीला आहे. आम्ही शनिवारी कुठे निघालो की तिचा फोन येतो, "आकडा किती?" मी सांगतो, मग ती बाकीचं बोलते.

घरी आल्यावर बूट दाराबाहेरच धुवा. मळीचा गाळ सुकला की निघत नाही.