आईचा खांदा: साधा सांधा की उलटा?

आईला शहात्तरावं चालू होतं. उजवा खांदा संधिवाताने झिजलेला, हात डोक्यापर्यंत जाईना. अंबाड्यात आकडे मी खोवायचे. सांधा बदलायचं ठरलं, तेव्हा एका डॉक्टरांनी साधा कृत्रिम सांधा सांगितला, दुसऱ्यांनी 'रिव्हर्स', म्हणजे उलटा. आम्ही मायलेकी बुचकळ्यात.

तुमच्याकडेही असंच चाललं असेल, तर पॅकेज किती हे विचारण्याआधी विचारा: रोटेटर कफ शाबूत आहे का? कफ म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खवाट्याच्या वाटीत धरून ठेवणारे चार स्नायू. ते एमआरआयमध्ये दिसतात. वाटीचं हाड किती उरलंय, ते सीटी स्कॅनमध्ये.

साध्या सांध्यात दंडाच्या हाडाला धातूचा गोळा आणि खवाट्याला प्लास्टिकची वाटी बसवतात. कफ चांगला असेल तर हात जवळजवळ पूर्वीसारखा फिरतो. कफ फाटलेला असेल, तर गोळा वर सरकून वाटी हलवत राहतो आणि ती ढिली होते. रिव्हर्समध्ये गोळा खवाट्याला, वाटी दंडाला. हात उचलायचं काम खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू करतो. फ्रान्सचे डॉक्टर पॉल ग्रामाँ यांनी 1985 मध्ये ही उलटापालट यशस्वी करून दाखवली. डेल्टॉइडच लुळा असेल तर मात्र तिचा उपयोग नाही. फक्त गोळा बदलायचा अर्धा सांधाही असतो, पण त्यात उरलेली वाटी झिजतच राहते.

आता जे विचारायला सगळे लाजतात ते. रिव्हर्सनंतर हात वर छान जातो, पण पाठीमागे नेणं बऱ्याचदा कमी पडतं. डावा खांदा असेल तर शौचानंतर धुण्याचं काय, हे स्पष्ट विचारा. दिवसभरात तो हात काय काय करतो ते वहीत लिहून न्या. आमच्या यादीत वेणीफणी, पदराला पिन आणि फडताळातला डबा होता.

गेल्या तीन महिन्यांत खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर आधी सांगा. जंतुसंसर्गाच्या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलतात. नंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत. तेव्हा डाव्या हाताने जेवायची सवय आधीच लावा, पुढून उघडणारे गाऊन शिवून घ्या. खुर्चीतून उठताना त्या हातावर भार द्यायचा नाही, हे आईला दिवसातून दहादा सांगावं लागे.

कफ फाटलेला निघाला, म्हणून आम्ही रिव्हर्स केलं. पाचव्या महिन्यात तिने स्वतः अंबाडा घातला. पाठ खाजवायला मात्र जत्रेतून लाकडी पंजा आणवलाय.