बडबडी ती, घुमी मी : मैत्रीतल्या या चुका टाळा

पुण्यात आम्ही दोघी एकाच खोलीत भाड्याने राहायचो. ती कोल्हापूरची. रिक्षात बसलो की घरी पोचेपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलीचे दहावीचे मार्क तिला पाठ झालेले असायचे. मी मीटरकडे बघत बसायचे. तेरा वर्षं झाली, मैत्री टिकली आहे, पण एकदा तुटता तुटता राहिली आणि तेव्हा चूक माझी होती. घुम्या माणसांना समजून घ्या, असं सांगणारं बरंच लिहून झालंय. त्यामुळे इथे दोन्ही बाजूंच्या चुका सांगते, आमच्या बाजूच्या जरा जास्त.

“ही ना, फारच कमी बोलते हं!”

चारचौघांत अशी ओळख करून दिलीत की संपलं. आता मी जे काही बोलेन त्यावर “अरे वा, बोलली!” असा शेरा पडणार. मग बोलतंय कोण? त्यापेक्षा हातात एक धागा द्या. “हिने गच्चीवर टोमॅटो लावलेत, तुझ्या झाडांच्या किडीचं हिला विचार.” एवढं पुरतं. आणि “गप्प का? चिडलीस का?” हा प्रश्न एकदाच विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरंच चिडतो.

आयत्या वेळी माणसं वाढवणं

एका रविवारी आमचं दोघींचं मिसळ खायला जायचं ठरलं होतं. मी पोचले तर दोन टेबलं जोडलेली आणि तिच्या ऑफिसमधली पाच जणं आधीच बसलेली. तर्रीत पाव बुडवत मी वीस मिनिटं हसरा चेहरा धरून ठेवला आणि “आईचा फोन यायचाय” म्हणून सटकले. तिला कळेना काय बिनसलं. तिच्या लेखी तिने मला एका सकाळीत पाच नवीन ओळखी करून दिल्या होत्या.

दोघांचं ठरलं असेल तर तिसऱ्याला बोलवायच्या आधी विचारा. तेही दारात पोचल्यावर नव्हे, आदल्या दिवशी. गर्दीचा कार्यक्रम असेल तर निघायची वाटही आधीच सांगून ठेवा. तिच्या हळदीला ती म्हणाली होती, “जेव आणि नऊला पळ, मी सांभाळते.” पळायची मुभा आहे म्हटल्यावर मी साडेदहापर्यंत थांबले.

खोटी डोकेदुखी

ही आमची खास चूक. ऐनवेळी “डोकं दुखतंय गं” लिहायचं आणि अर्ध्या तासाने ऑनलाइन दिसायचं. बोलक्या माणसाला नकार पचतो, थाप पचत नाही. मी आता सरळ लिहिते : “आज माणसांचा कंटाळा आलाय, गुरुवारी संध्याकाळी येऊ?” दुसरा वार न सांगता दिलेला नकार कायमचा वाटतो, म्हणून गुरुवार महत्त्वाचा.

फोन नेहमी तिनेच करायचा

आता माझी मोठी चूक. काही वर्षांपूर्वी तिचे फोन येणं हळूहळू बंद झालं. लग्न झालं, रमली असेल, असं धरून मी चार महिने काढले. एकदा सहज फोनमधली तिच्या कॉलची यादी उघडली. खालपर्यंत सरकवत गेले, तर सगळे बाण आत येणारे. मी केलेला एकच फोन, तोही गॅसवाल्याचा नंबर मागायला.

“मला फोनवर बोलायला आवडत नाही, तिला माहितीये ना,” हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत होते. तिने त्याचा अर्थ साधा लावला होता : हिला माझी गरज नाही.

आम्हा लोकांना वाटतं, आपण उगाच फोन केला तर समोरच्याला अडचण होईल. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली नेमकं हेच तपासलं. आपण अचानक केलेली विचारपूस समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडते, असं त्यांना दिसलं. मैत्रीला वेळही लागतो. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८च्या अभ्यासाप्रमाणे, नुसत्या ओळखीची जिवलग मैत्री व्हायला एकत्र घालवलेले दोनशेहून जास्त तास लागतात. आमच्या दोनशे तासांपैकी किती तास तिने जमवून आणले होते, याचा हिशोब मी केला नाही. लाज वाटली असती.

उपाय सोपा, थोडा यांत्रिक आहे : फोनमध्ये आठवण लावून ठेवा. महिन्यातून दोनदा पुढाकार आपला. फोन नकोच वाटत असेल तर दोन ओळी लिहा, पण सुरुवात तुम्ही करा. आठवण लावून केलेल्या विचारपुशीत माया नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाढदिवस कसे लक्षात राहतात ते सांगावं.

बोलक्याला काय कमी, असं समजणं

त्या चार महिन्यांत तिचे वडील दवाखान्यात होते. तिच्या फोनमध्ये शेकडो नंबर आणि तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. “मी फोन केला की सगळ्यांना विनोद हवे असतात,” ती नंतर म्हणाली. बोलका माणूस अचानक शांत झाला तर ती खरी धोक्याची खूण. “काय गं, आज बॅटरी संपली?” असली थट्टा करू नका. शेजारी बसा. गप्प बसण्यात आम्ही तरबेज आहोतच, ते कौशल्य इथे कामी येतं.

स्वभावाची ढाल करणं

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मांडली, तेव्हापासून ती घराघरांत पोचली. पण विल्यम फ्लीसन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली लोकांच्या रोजच्या वागण्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकच माणूस दोन-तीन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या तऱ्हांनी वागताना दिसला. तेव्हा “मी अशीच आहे” हे वाक्य जपून वापरा. मीही माझ्या भाचीसमोर तासभर अखंड बोलू शकते.

आता आमची व्यवस्था बसली आहे. रविवारी फोन माझा. मधल्या दिवसांत तिचे सात-सात मिनिटांचे आवाजी मेसेज येतात, त्यात कुकरच्या शिट्ट्याही असतात. मी ते दीडपट वेगाने ऐकते. हे तिला अजून सांगितलेलं नाही.