दुसऱ्या खजिन्याची डिस्क: कशी लावावी, कुठे थांबवावी

ठाण्यात नौपाड्याला माझी नऊ वर्षं सीडी लायब्ररी होती. लायब्ररी गेली, डिस्कचे तीन खोके माळ्यावर राहिले. मे महिन्यात बिल्डिंगमधली पोरं दुपारी कंटाळली की बेल वाजते, ‘काका, खजिन्याचा लावा ना!’ म्हणजे ‘नॅशनल ट्रेझर’चा दुसरा भाग, ‘बुक ऑफ सीक्रेट्स’. 2007 सालचा सिनेमा, 124 मिनिटांचा. माझ्याकडे तो साडेतीन तास चालतो. का, ते पुढे येईलच.

आधी डिस्क, म्हणजे डीव्हीडी. पोरांना बोलावण्याच्या आदल्या रात्रीच लावून बघा, ऐनवेळी नको. अमेरिकेतल्या भावा-बहिणीने पाठवलेली असेल तर तिच्यावर रीजन 1 असेल (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचा हा आकडा), आणि आपला भारत रीजन 5 मध्ये. आपल्याकडचे बरेच स्वस्त प्लेअर सगळे रीजन चालवतात, पण सगळेच नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलायची सोय असते, मात्र ती मोजून पाचदा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. माझ्या एका गिऱ्हाइकाने हौसेने पाचही संपवले आणि मग ड्राइव्ह बदलून घ्यायला माझ्याकडे आला, जणू मीच तो विकला होता.

डिस्क पुसायची ती मऊ सुती कापडाने, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. डिस्कवरची माहिती गोल फिरत जाणाऱ्या एका लांब रेघेत असते. आडवा ओरखडा ती रेघ जागोजागी थोडीथोडीच तोडतो, तेवढं प्लेअर सांभाळून घेतो. रेघेच्या दिशेनेच ओरखडा गेला की सलग तुकडा जातो आणि चित्राचे चौकोन चौकोन होतात. टूथपेस्ट चोळायचा उपाय लायब्ररीत रोज कुणी ना कुणी सांगायचं. जिच्यावर पाणी सोडलंय अशाच डिस्कवर तो करा.

नवीन टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची भोकं बहुधा नसतात. प्लेअरला एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला, नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील, त्या दिसू द्या. झूम करून पट्ट्या घालवल्या की दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात. मध्येच चित्र क्षणभर गोठलं तर घाबरू नका, दोन थरांच्या डिस्कमध्ये लेझर दुसऱ्या थरावर जातो तेव्हा असं होतं. ‘अर्ध्यात अडकते’ म्हणून लोक परत आणून द्यायचे त्यातल्या कितीतरी डिस्क धडधाकट होत्या.

पहिला भाग पाहिला नसेल तरी अडत नाही. बेन गेट्स हा खजिने शोधणारा, रायली त्याचा कॉम्प्युटरवाला दोस्त, ॲबिगेलचं आणि बेनचं सध्या बिनसलेलं. इतकं सांगून प्ले दाबा. लहानांसाठी एकच सूचना: सुरुवातीलाच लिंकन यांच्यावर गोळी झाडली जाते, 14 एप्रिल 1865ची रात्र. रक्तपात अंगावर येत नाही, पण मी आठ वर्षांखालच्यांना त्या वेळी पाणी आणायला पाठवतो. शेवटी गुहेत पाणी भरतं तिथेही एखादं जवळ सरकून बसेल, बसू द्या.

आता माझी खरी रीत. थिएटरात जे जमत नाही ते रिमोट हातात असल्यावर जमतं: थांबवणं. लिंकन यांच्यावर गोळी झाडणाऱ्या बुथच्या डायरीच्या पानावरची अक्षरं उलगडायची वेळ आली की मी पॉज दाबतो. ओरडा होतो, होऊ द्यायचा. सिनेमातली ही प्लेफेअर नावाची सांकेतिक लिपी खरीच आहे. चार्ल्स व्हीटस्टोनने ती 1854 मध्ये काढली आणि नाव लागलं तिचा प्रचार करणाऱ्या लॉर्ड प्लेफेअरचं. पाच बाय पाच चौकोनात इंग्रजी अक्षरं बसवायची, पण ती सव्वीस, म्हणून आय आणि जे एकाच घरात कोंबतात.

आपल्याला कोंबाकोंबी करावी लागत नाही. क, च, ट, त, प हे पाच वर्ग एकाखाली एक लिहा: पहिल्या ओळीत क ते ङ, शेवटच्या ओळीत प ते म. पंचवीस घरं, चौकोन तयार! हे मला एका दुपारी भाचीच्या अंकलिपीकडे बघताना सुचलं आणि मी चहा तसाच ठेवून वही काढली.

नियम तीन. काना-मात्रा जागच्या जागी ठेवायच्या, फक्त व्यंजनांची जोडी बदलायची. दोन्ही एका ओळीत असतील तर प्रत्येकाच्या उजवीकडचं अक्षर घ्या: ‘दूध’चं होतं ‘धून’. दोन्ही एकाखाली एक असतील तर प्रत्येकाच्या खालचं घ्या, तळाला पोचलात तर वर या: ‘डबा’चा होतो ‘दगा’. दोन्ही वेगळ्या ओळीत आणि वेगळ्या उभ्या रांगेत असतील तर प्रत्येकाने आपल्या ओळीत राहून दुसऱ्याच्या रांगेत जायचं: ‘कढी’ची ‘घटी’. सोडवताना हेच उलटं. य ते ळ असलेले शब्द टाळा. सिनेमात वर एक किल्लीचा शब्दही लागतो, ‘सगळ्यांना फेडावं लागणारं ऋण’ असं कोडं घालून. पॉजवर असतानाच तो पोरांना विचारा. उत्तर मी इथे फोडत नाही, पण ते इंग्रजीत पाच अक्षरी आहे आणि आमच्याकडे दर वेळी कुणीतरी ‘ईएमआय’ म्हणतंच.

दुसरा थांबा टेबलापाशी. ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न येणारच, तेव्हा तयार असा. एचएमएस रेझोल्यूट हे ब्रिटिश जहाज बर्फात सोडून द्यावं लागलं, ते अमेरिकन माणसांना सापडलं आणि ब्रिटनला परत दिलं गेलं. पुढे ते मोडल्यावर त्याच्या लाकडाचं टेबल व्हिक्टोरिया राणीने 1880 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिलं. हे सगळं खरं. तसंच अमेरिकेतल्या माउंट रशमोर डोंगरावरचे अध्यक्षांचे चार चेहरे 1927 ते 1941 या काळात कोरले हेही खरं. त्याखालची सोन्याची नगरी मात्र सिनेमावाल्यांची.

मध्यंतराला मी ठाण्याची गोष्ट सांगतो. आपलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. तिथे इंग्रजांनी पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळ्यांना कोंडलं होतं. पहारा गोऱ्यांचा, त्यांना मराठी कळेना. खिडकीखाली एक मोतद्दार घोड्याची चाकरी करताना गाणी म्हणायचा आणि पळून जायचा बेत त्या गाण्यांतूनच आत पोचला, असं सांगतात. 1816 च्या सप्टेंबरात डेंगळे निसटले. कलकत्त्याचा इंग्रज बिशप हेबर यानेही ही कथा लिहून ठेवली आहे. एवढं झालं की पोरं ‘च’च्या भाषेवर येतात, ‘चलाम चणीपा चदे’ सुरू होतं, आणि पाणी द्यायला मलाच उठावं लागतं.

सिनेमा संपला की शोध. चार चिठ्ठ्या पुरेत, पहिली डिस्कच्या रिकाम्या केसमध्ये. दुसरीवर ‘धून’, म्हणजे फ्रिज. तिसरीवर ‘कात’, म्हणजे पाट. ‘दगा’ शेवटी. मोठी मुलं मिनिटात सोडवतात, म्हणून चिठ्ठी वाचायचा मान धाकट्याचा ठेवा, नाहीतर तासाभरात रडारड. उन्हात तलावपाळीपर्यंत चिठ्ठ्या नेण्याचा प्रयोग एकदा केला, सगळी बर्फाच्या गोळ्याच्या गाडीपाशीच थांबली.

खजिना म्हणून मी डब्यात बेसनाचे लाडू ठेवतो. झाकण घट्ट लावा. मागच्या वर्षी मुंग्यांनी एकही चिठ्ठी न वाचता तो आधी शोधला.